गाठीचं नाव



मराठीत ‘गाठ’ हा शब्द किती कामं करतो! पदराची गाठ, जन्माची गाठ, संकटाशी गाठ. कुठली गाठ, हे शेजारच्या शब्दांवरून कळतं. छातीतल्या गाठीचंही तसंच आहे.

दोन फुप्फुसांच्या मधे, छातीच्या हाडामागं तरुण वयात गाठ वाढते. एक्स-रेमध्ये दिसते ती नुसती सावली. ती क्षयाची असेल, हॉजकिन लिम्फोमाची असेल किंवा मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमाची. खोकला, ताप, धाप तिन्हींत येऊ शकतात.

माझ्या बहिणीच्या मुलाला अशी गाठ निघाली. बहीण म्हणायची, “भाईजान, औषध तरी सुरू करायला सांगा ना!” डॉक्टर म्हणाले, “आधी तुकडा तपासू. आत्ताच स्टेरॉइड दिलं तर गाठ आक्रसेल आणि ओळखीच्या खुणा पुसल्या जातील.” बारीक सुईनं सुट्या पेशीच आल्या होत्या. सुट्या शब्दांवरून कविता कळत नाही. पेशींची मांडणीही दिसावी लागते. म्हणून जाड सुईनं पुन्हा बायोप्सी झाली.

हॉजकिनमध्ये रोगी पेशी थोड्या, भोवती साध्या पेशींची गर्दी आणि बहुधा जाड तंतूंचे पट्टे. काही रोगी पेशींत घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं दिसतात. लंडनच्या थॉमस हॉजकिननं १८३२ मध्ये हा आजार वर्णिला. कार्ल स्टर्नबर्गनं १८९८ मध्ये या पेशींचं वर्णन केलं, पण आजार क्षयाचाच प्रकार मानला. तो क्षय नव्हे, हे १९०२ मध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी दाखवलं.

मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात रोगी पेशींचे थरच्या थर असतात, मधे बारीक तंतूंचे कप्पे. सीडी २० या खुणेची तपासणी केली की त्या ठळक तपकिरी होतात. हॉजकिनच्या पेशी सहसा फिक्या राहतात किंवा रंगतच नाहीत. सीडी ३० मात्र दोन्हींत दिसू शकतं. म्हणून एका रंगावर निकाल देत नाहीत. सीडी १५, सीडी ४५ अशा खुणाही पाहतात. काही गाठी तरीही अधल्यामधल्या ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात त्यांना वेगळी जागा मिळाली.

एवढा खटाटोप कशाला? कारण औषध नावावर ठरतं. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी २० लाच जाऊन चिकटतं. ते धरून दिलेल्या औषधांच्या एका संचाचा अमेरिकी अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या बी-पेशींची गाठ असलेल्या बहुतेक रुग्णांना त्यात छातीवर किरणोपचार द्यावे लागले नाहीत. तरुण माणसाच्या हृदयाच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नव्हे.

भाच्याची गाठ याच जातीची निघाली. उपचार पुरे झाले. तो आता कामावर जातो.

श्रोतेहो, धाप फार वाढली तर थांबू नका, रुग्णालय गाठा. एरवी औषधाआधी गाठीचं नाव विचारा. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. शंका असेल तर तो मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. तो मागायला संकोच नको.