भिंत, पडदा आणि पेंटर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस किंवा महागाई भत्ता यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हटले, "रंगाच्या दुकानातल्या यंत्रावर बोलतो." चालक क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. ते कामगारांच्या बैठकांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. यंत्रशास्त्राचे पांडित्य आमच्यापाशी नाही. परंतु त्या यंत्राने निवडलेला रंग ज्यांना भिंतीला लावावा लागतो, त्या पेंटर मंडळींत आमची बरीच वर्षे गेली आहेत. तेवढ्या अधिकारावर चार शब्द बोलतो.

हे यंत्र म्हणजे दुकानात उभा केलेला एक टचस्क्रीन. गिऱ्हाइकाने पडद्यावर बोट लावावे. दिवाणखान्याचे चित्र येते. रंगावर बोट ठेवले की चित्रातली भिंत त्या रंगाची होते. निवडलेल्या रंगाचा क्रमांक शेजारच्या मिश्रणयंत्राकडे जातो. ते पांढऱ्या बेसमध्ये मोजून रंगद्रव्य सोडते, डबा घुसळला जातो आणि रंग तयार होतो. पाहावयास मोठे मौजेचे.

आमच्या युनियनची कचेरी इथेच, सीताबर्डीत, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. तिला रंग देण्याचे ठरले तेव्हा आम्हीही अशाच एका पडद्यापुढे उभे राहिलो आणि फिका हिरवा रंग पसंत केला. पडद्यावर तो कोवळ्या पानासारखा होता. भिंतीवर दोन हात दिल्यावर दुपारी तो डोळ्यांवर येई आणि रात्री दिव्याखाली राखेसारखा दिसे. पाऊस लागला आणि एका भिंतीचे पोपडे सुटले. आमचा पेंटर सोबती शांतपणे म्हणाला, "भाऊ, मशीननं रंग दाखवला, पण भीत पाह्यली का तिनं?"

आजच्या भाषणाचे सारे सार त्या एका प्रश्नात आहे.

यंत्र आम्हांला परके नाही. या नागपुरात 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. यंत्राचे बरेवाईट या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. रंगाच्या धंद्याचीच गोष्ट घ्या. 1942 साली मुंबईत गिरगावच्या गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्सचा आरंभ केला. 1954 साली व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी 'गट्टू' हा खोडकर मुलगा काढला. त्याच्या हातात ब्रश होता, हे लक्षात ठेवा. 1970 साली त्याच कंपनीने संगणक घेतला. पुढे मिश्रणयंत्रे दुकानादुकानांत पोचली, आणि आता हा पडदा आला. ब्रशपासून पडद्यापर्यंतच्या या प्रवासात सोय पुष्कळ वाढली. फक्त एक माणूस मागे राहत गेला, तो ब्रश धरणारा. हे यंत्र आखताना त्याला कोणी काही विचारले काय?

विचारले असते तर त्याने पहिली गोष्ट प्रकाशाची सांगितली असती. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. भिंत तिच्यावर पडलेला प्रकाश परत देते. म्हणून पडद्यावरचा हिरवा आणि भिंतीवरचा हिरवा हे सख्खे भाऊ नव्हेत. शिवाय बोटभर तुकड्यात सौम्य वाटणारा रंग सबंध भिंतीवर भडक होतो. तेव्हा पडद्याने प्रामाणिकपणे सांगावे, "हा केवळ अंदाज आहे. लहान डबा न्या, भिंतीवर दोन फूट लांब-रुंद पट्टा मारा, सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहा, मग ठरवा."

दुसरी गोष्ट क्रमाची. आजचा पडदा आधी रंग विचारतो. त्याने आधी भिंत विचारावी. ओल आहे काय? आधी चुना आहे, डिस्टेंपर आहे की ऑइलपेंट? बाहेरची भिंत असेल तर पश्चिमेची आहे काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग दिला तर ती उन्हाने अधिकच तापणार. ही उत्तरे आली की दीडदोन हजार छटांतून पाचसात पुढे ठेवाव्यात. त्यांना क्रमांक हवा तो दुकानदारासाठी. घरच्या बाईसाठी अबोली, मोतिया, मोरपंखी, आमसुली अशी लुगड्याच्या दुकानातली नावे द्या. ती नावे ऐकताच रंग तिच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट. चार भिंती मिळून 440 चौरस फूट. दारेखिडक्यांचे 40 वजा करा, राहिले 400. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 50 चौरस फूट लिहिले असेल, तर आठ लिटर लागतील. एवढे गणित पडद्याने मांडून दाखवले, तर दहा लिटर गळ्यात मारले जाणार नाहीत आणि पेंटरवर चोरीचा आळही येणार नाही.

चौथी गोष्ट जिवाची आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम सरकारने 2016 साली केला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण त्यापूर्वीचे ऑइलपेंट कित्येक दारेखिडक्यांवर अजून आहे. ते कोरडे घासले की धूळ उडते. ती पेंटरच्या छातीत जाते आणि घरातल्या रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. शिसे मुलाच्या मेंदूला अपाय करते. "दार किती जुने आहे?" एवढाच प्रश्न पडद्याने विचारावा, आणि जुने असेल तर "ओले करून घासा, मुलांना दूर ठेवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा" असे ठळक अक्षरांत सांगावे. याला खर्च तो किती?

पाचवी मागणी आमच्या पोटाची. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला. कल्याण मंडळात नोंद व्हावयाची तर मागील बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. पेंटर आज धंतोलीत तर उद्या इतवारीत. दाखला देणार कोण? यंत्रातून रंगाची चिठ्ठी निघतेच. तिच्यावर पेंटरचे नाव आणि कामाचे दिवस यांसाठी दोन रकाने ठेवा. काम संपल्यावर घरमालकाने सही करावी. ती चिठ्ठी म्हणजे दाखला नव्हे. परंतु अशा वर्षभराच्या चिठ्ठ्या पुराव्याच्या कामी येतील.

कोणी म्हणेल, "पेंटर तरी कुठे निःस्वार्थी आहे? डब्यातल्या टोकनसाठी तो हवी ती कंपनी सुचवतो." हा आरोप आम्ही नाकारीत नाही. टोकनाचा मोह आमच्या सोबत्यांना होतो, आणि त्यापायी गिऱ्हाइकाचा विश्वास गेला तर दोष आमचा. पण टोकन पेंटरला चुकवीत असेल, तर विक्रीचा आकडा यंत्राला चुकवणार नाही काय? म्हणून दोघांनाही एकच कसोटी लावा. ओल्या भिंतीपुढे जो म्हणेल, "आज रंग घेऊ नका, आधी गळती काढा," तो वाटाड्या. जो ते म्हणणार नाही तो दलाल, मग तो माणूस असो वा काचेचा पडदा.

यंत्र फोडा असे सांगावयास आम्ही उभे नाही. आमची विनंती एवढीच की, यंत्र आखणाऱ्यांनी मेजावर बसण्यापूर्वी आठ दिवस एखाद्या पेंटरबरोबर शिडीखाली उभे राहावे. आमची कचेरी पुढे आमच्या सोबत्याने पुन्हा रंगवली. त्याने आधी गच्चीची भेग बुजवली, भिंत महिनाभर वाळू दिली, मग लांबी, प्रायमर आणि शेवटी रंग. रंग तोच फिका हिरवा, फक्त एक छटा उतरता. आपण बर्डीवर आलात तर जिना चढून वर या. भिंत पाहा आणि मग सांगा, या माणसाला विचारावयास हवे होते की नाही.