सुभेदार रामजी सकपाळ आणि बेळगावची पलटण



बेळगाव आणि लष्कर यांचे नाते या सीमाभागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र येथे आहे. बेळगावच्या कवायतीच्या मैदानावरून गेलेली माणसे मेसोपोटेमियापासून इटलीपर्यंत लढली. नाईक यशवंत घाडगे व शिपाई नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. अशा पराक्रमाच्या कथा आपण आवडीने वाचतो. परंतु पलटण जो माणूस वर्षानुवर्षे चालवितो, तो सुभेदार मात्र आपल्या वाङ्मयात क्वचितच दिसतो.

'सुभेदार' या शब्दाचा प्रवासही मनोरंजक आहे. मराठेशाहीत सुभेदार म्हणजे सुभ्याचा अधिपती. मल्हारराव होळकरांचा उल्लेख आजही 'सुभेदार' असाच होतो. कंपनी सरकारच्या फौजेत हे भारदस्त नाव पलटणीतील हिंदी अधिकाऱ्याला मिळाले. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार-मेजर अशी ती शिडी होती. (जमादाराला १९६५ पासून 'नायब सुभेदार' म्हणतात.) ही शिडी चढण्यास वीस-पंचवीस वर्षे लागत. तरीही इंग्रजी अमदानीत वर चढलेल्या सुभेदाराला विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटपुढे सलाम ठोकावा लागे. पदाची प्रतिष्ठा आणि पदाची मर्यादा अशी एकाच गणवेशात वावरत असे.

अशा सुभेदारांपैकी एकाचे चरित्र महाराष्ट्राला परिचित आहे, पण ते त्यांच्या पुत्राच्या चरित्रातील पहिले प्रकरण म्हणून. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजी लष्करात होते आणि पत्नी भीमाबाईंचे वडील सुभेदार-मेजर होते. रामजींनी पुण्यात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. म्हणजे या सुभेदाराच्या हाती बंदुकीपेक्षा खडू अधिक काळ राहिला. फौजेतील शिपायांना व त्यांच्या मुलांना त्या काळी सक्तीचे शिक्षण मिळत असे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नमूद केले आहे. गावातल्या शाळेचा उंबरठा ज्या समाजाला बंद होता, त्या समाजातील घरांत अक्षर शिरले ते या छावणीच्या वाटेने.

भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. त्यानंतर थोड्याच वर्षांत रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोली, सातारा व १९०४ च्या सुमारास मुंबई असे फिरत राहिले. पेन्शन महिना पन्नास रुपये. मुलाला पुस्तक हवे झाले की हा वृद्ध सुभेदार विवाहित मुलींकडे जाई. त्यांच्याकडे पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवी आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घटवून घेतल्या. परळच्या चाळीत एकच खोली होती. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पहाऱ्याची पाळी बदलावी तशी ही शिस्त होती. १९१२ मध्ये भीमराव पदवीधर झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजींचे निधन झाले.

रामजी निवृत्तीला आले त्याच सुमारास, १८९२ च्या आसपास, त्यांच्या मागची वाट बंद झाली. 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त सरकारदरबारी रुजला आणि महारांची भरती थांबली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली असताना, त्यांच्या वंशजांना लढवय्येपणाचा पुरावा मागितला गेला. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. रामजींनीही अशाच अर्जासाठी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य मागितले होते. पहिल्या महायुद्धात गरज भासली तेव्हा १९१७ साली '१११ महार्स' ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली.

भरती बंद होते तेव्हा केवळ नोकरी जात नाही. हवालदार घडत नाही, सुभेदार घडत नाही, पेन्शनीवर पुस्तक घेणारा बाप घडत नाही. एका हुकुमाने शिडी काढून घेता येते, परंतु दुसऱ्या हुकुमाने एका दिवसात सुभेदार निर्माण करता येत नाही.

येथे ही कथा आपल्या भागात येते. सुभेदाराचे हेच पुत्र एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. त्यांनी महार पलटणीची मागणी धरून लावली होती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती आपल्या बेळगावात. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॅक्सन आणि पहिले सुभेदार-मेजर शेख हसनुद्दीन. नव्या रंगरुटांना पलटणीची रीत लावून देण्याची जबाबदारी या मुरलेल्या सुभेदार-मेजरवर आली. पलटणीच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आंबडव्याच्या सुभेदारानंतर बंद झालेले दार पन्नास वर्षांनी बेळगावात पुन्हा कायमचे उघडले. या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. जनरल कृष्णा राव व जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिच्यातलेच, आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकणारे बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे हेही तिच्यातलेच.

ग्रंथालयाच्या शताब्दीत सुभेदाराचे स्मरण करण्याचे कारण एवढेच की, त्याच्या घरातही एक लहानसे ग्रंथालय असते. बेळगाव-निपाणी परिसरातील अनेक घरांत जुन्या ट्रंकेत सेवापुस्तिका, आघाडीवरची पत्रे, पेन्शनचे कागद पडून आहेत. गावातली पत्रे वाचून दाखविणारा, अर्ज लिहून देणारा, पोरांना शाळेत घालण्याचा आग्रह धरणारा पेन्शनर सुभेदार हा या भागाच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे. सेनापती आपली आत्मचरित्रे लिहितात, सुभेदार सहसा लिहीत नाही. त्याचे कागद वाळवीच्या आधी वाचकाच्या हाती यावेत. रामजींनी मुलींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके जपली. सुभेदारांचे कागद जपण्यासाठी ग्रंथालयाला एखादे कपाट रिकामे करावे लागेल, आणि ते करणे योग्य होईल.