पिकअपचे मागचे दिवे

भाजीपाला भरून पहाटे बाजार समितीकडे निघालेल्या पिकअपचा इंडिकेटर अचानक भराभर उघडझाप करू लागला, तर बहुधा त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. नियमाने ही उघडझाप मिनिटाला 60 ते 120 वेळा व्हायला हवी. पण इंडिकेटर दिल्यावर पार्किंग लाइटही मिणमिणत असेल, तर नवा बल्ब आणायची घाई करू नका. दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. चिखल-पाण्याने चासीवरचा बोल्ट गंजतो, करंटची परतीची वाट अडते आणि तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, वायर पुन्हा घट्ट आवळा.

वायरिंगच नवीन करायचं असेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला नको; व्यवस्थित सोल्डर करून घ्या. एलईडी बल्ब कमी करंट घेतात, त्यामुळे जुन्या फ्लॅशरवर ते भराभर लुकलुकतात, फ्लॅशरही बदला. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही घालू नका, गाडी पेट घेऊ शकते. माल भरण्यापूर्वी कुणाला तरी मागे उभं करून सगळे दिवे एकदा तपासाच.