दोन भाषा आणि एक मेंदू



वैनगंगेच्या खोऱ्यातून नोकरी व शिक्षणानिमित्त नागपुरात येऊन स्थिरावलेल्या आपल्या पोवार कुटुंबांत एक भीती घर करून बसली आहे. घरी पोवारी बोलल्यास मुलांची मराठी बिघडेल, मग इंग्रजी तर दूरच राहील, असे सुशिक्षित आईबापांस वाटते. आजीने नातवाशीही पोवारी बोलू नये, असा दंडक काही घरी पडला आहे. ही भीती शास्त्राच्या कसोटीस उतरते काय, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

मेंदूत प्रत्येक भाषेची निराळी कोठी असते. एक उघडली की दुसरी बंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. मूल शाळेत ‘माझे घर’ म्हणू लागते तेव्हा ‘मोरो घर’ही आतून पुढे सरसावते. मेंदूचा कपाळामागील भाग व खोलवरची काही केंद्रे त्यास थोपवून धरतात. हा निवाडा नकळत, अखंड चालू असतो. त्याचे मोलही द्यावे लागते : एखादा शब्द किंचित उशिरा आठवतो, आणि बालपणी एकेका भाषेतील शब्दसंचय थोडा उणा दिसतो. परंतु दोन्हींची बेरीज केली म्हणजे ती तूट सहसा उरत नाही. मूल दोन भाषांतील शब्दांची सरमिसळ करते, तेही बुद्धीच्या गोंधळाचे लक्षण नव्हे.

हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची पाहणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच भाषा जाणणाऱ्यांपेक्षा अधिक भाषा जाणणाऱ्यांत हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला; निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे सांगणे आमचे कर्तव्य होय. तथापि दोन भाषांनी मुलाची बुद्धी खुंटते, या समजुतीस मात्र शास्त्राचा आधार नाही.

नागपूरकरांस तर हे नवे वाटू नये. १९५६ पर्यंत हे नगर हिंदी व मराठी अशा द्विभाषिक मध्य प्रदेशाची राजधानी होते. घरी एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी भाषा बोलून आपल्या वडीलधाऱ्यांनी संसार केले.

२०११ च्या जनगणनेत पोवारी ही मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वातीन लाख भरले, आणि तेही हिंदीच्या पोटात मोजले गेले. सरकारी नोंदीत आधीच झाकलेली ही भाषा आपणच उंबऱ्याबाहेर काढली, तर तिला दुसरे घर नाही. मराठी शाळा शिकवील, इंग्रजीही शिकवील. पोवारी शिकविणारी शाळा म्हणजे आजीची मांडी. ती बंद करू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.