शिक्क्याइतकंच बिलही पाहा

जुळे सोलापुरात घर बांधताना प्लायवूडवरच्या ‘हरित’ शिक्क्यावर विसंबू नका. १९९३ साली स्थापन झालेल्या एफएससी या जंगल-प्रमाणन संस्थेच्या पद्धतीत जंगलापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे प्रमाणपत्र लागतं, बिलावर त्याचा क्रमांक येतो. एक दुवा तुटला की दावा संपला. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये लाकडासाठी प्रमाणन योजना आणली. पुनर्वापराचा दावाही असाच तपासावा. कारखान्यातला भुसा त्याच प्रक्रियेत परत वापरला, तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या व्याख्येनुसार ते पुनर्चक्रित लाकूड ठरत नाही. छोट्या सुताराला एवढी कागदपत्रं परवडत नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. पण जुन्या वाड्याचं सागवान घेताना वाड्याचा पत्ता, लाकडाचे घनफूट आणि पाडकामवाल्याची पावती एवढं तरी त्याला नक्कीच जपून ठेवता येतं.