पोटातल्या जखमेवरचा लेप: सुक्रालफेट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

आजचा विषय सुक्रालफेट. नाव ओळखीचं नसेल, पण बाटली असेल. बऱ्याच घरांत ती 'पित्ताचं औषध' म्हणून ठेवलेली असते. जेवण जड झालं, जळजळलं, की घे दोन चमचे. गडबड इथेच आहे.

आपण मराठीत जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, सगळ्यालाच 'पित्त' म्हणतो. पण त्यामागे बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. जठराच्या आत चिकट श्लेष्माचं अस्तर असतं, म्हणून हे आम्ल आपल्यालाच पचवत नाही. ते अस्तर कमकुवत झालं की आम्ल भिंतीपर्यंत पोचतं आणि जखम होते. तोच अल्सर. तो जठरात होतो, तसा लहान आतड्याच्या सुरुवातीलाही होतो.

आता औषधं तीन तऱ्हेची. अँटासिड तयार झालेलं आम्ल मारतं. पँटोप्रॅझोलसारखी गोळी आम्ल बनणंच कमी करते. सुक्रालफेट यातलं काहीच फारसं करत नाही. ते जखमेवर लेप लावतं.

कसं? हे औषध साखर आणि ॲल्युमिनियमच्या संयुगापासून बनवलेलं असतं. आम्लात पडलं की त्याचा चिकट लगदा होतो. अल्सरच्या जखमेतून प्रथिनं झिरपत असतात, त्यांना हा लगदा घट्ट धरतो. सुमारे सहा तास तो थर टिकतो आणि त्याखाली जखम भरायला वेळ मिळतो. रक्तात फार थोडं औषध जातं; काम जागेवरच होतं.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. जेवल्यावर घेतलं तर ते जखमेऐवजी वरणभातातल्या प्रथिनांनाच चिकटणार! अल्सरसाठी मोठ्यांना साधारणपणे 1 ग्रॅम, दिवसातून चार वेळा देतात: तिन्ही खाण्यांच्या तासभर आधी आणि झोपताना, रिकाम्या पोटी. कोर्स 4 ते 8 आठवड्यांचा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. मोबाईलवर चार अलार्म लावा आणि बाटली नीट हलवून घ्या. अँटासिडही चालू असेल तर दोन्हींत किमान अर्धा तास ठेवा.

दुसरी गोष्ट. हा लगदा इतर औषधांनाही धरून ठेवतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक किंवा थायरॉईडची गोळी सोबत घेतली, तर ती पोटात जाऊनही रक्तात पुरेशी पोचत नाही. घरात आई सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेत असेल आणि लगेच हे सिरप, तर तिचा रिपोर्ट बिघडू शकतो, आणि कारण कुणाच्या लक्षातही येणार नाही. बऱ्याच औषधांसाठी दोन तासांचं अंतर लागतं, थायरॉईडसाठी चार. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवाच.

बद्धकोष्ठता हा नेहमीचा त्रास. किडनी कमजोर असेल तर शरीरात ॲल्युमिनियम साठू शकतं, आणि सिरपमुळे डायबेटिस असलेल्यांची साखर वाढू शकते. अशांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक. काही सिरपमध्ये ऑक्सेटाकेन हे बधिर करणारं औषधही असतं. त्यामुळे लगेच बरं वाटतं. पण बधिर झालेली जखम म्हणजे भरलेली जखम नव्हे.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर लेप हा पॅच आहे, मूळ बग वेगळा असतो. बहुतेक अल्सरमागे दोन कारणं: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. जिवाणू असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स लागतो, नाहीतर अल्सर परत येतो. पाठदुखीसाठी रोज पेनकिलर खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि हे मात्र नक्की लक्षात ठेवा. डांबरासारखी काळी शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक असह्य पोटदुखी, चक्कर येऊन पडणं: यातलं काहीही झालं तर चमचा शोधू नका, थेट हॉस्पिटल गाठा. वजन विनाकारण उतरत असेल तरी तपासणी करून घ्या.

हा भाग घरच्या ग्रुपवर पाठवा. बाटली कुणाच्या ना कुणाच्या घरी असेलच. भेटूया पुढच्या भागात!