अर्धा टँकर आणि जडत्व
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला दूरदूरहून बंजारा बांधव येतात. चैत्राच्या उन्हात एवढ्या माणसांना पाणी पुरवायचे म्हणजे टँकर आलाच. आज त्या टँकरमधल्या पाण्याविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात.

एस.टी.ने ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो. गाडी थांबते, पण शरीर आपली गती सोडत नाही. हेच जडत्व. अडथळा नसेल तर फेकलेल्या वस्तूची गती आपोआप संपणार नाही, असा विचार इब्न सीना यांनी अकराव्या शतकात मांडला होता. पुढे १६८७ साली न्यूटन यांनी गतीचा पहिला नियम ग्रंथात सांगितला.

पाण्यालाही जडत्व असते. पाच हजार लिटरची टाकी अर्धी भरली, तर आत अडीच टन पाणी मोकळे असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी पाच सेकंदांत थांबवली, तर तीन मीटर लांबीच्या टाकीत पुढचे पाणी मागच्यापेक्षा सुमारे ६० सेंटिमीटर वर चढते. गाडी थांबली तरी पाणी थांबत नाही. ते मागेपुढे धडका देत राहते. वळणावर ते बाहेरच्या बाजूला सरकते आणि गाडी उलटू पाहते. म्हणून 'अर्धाच आहे, हलका आहे' ही समजूत घातक आहे. भरलेला टँकर जड खरा, पण त्यातल्या पाण्याला हेलकावायला जागा नसते.

पूर्वीची कातडी पखाल पाण्याबरोबर आकसत असे. तोंड आवळून बांधले की आत मोकळी जागा उरत नसे. लोखंडी टाकी आकसत नाही. म्हणून टँकरमध्ये भोके असलेले आडवे पडदे बसवतात. त्यांनी मागेपुढे होणारी लाट फुटते. वळणावरचे पाणी मात्र ते अडवू शकत नाहीत. तेथे उपाय एकच : वळणाआधीच वेग कमी करणे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी परातीत पाणी घेऊन चाला आणि एकदम थांबा. नियम पायांवर सांडेल. आईची बोलणी खावी लागतील ती वेगळीच! पालकांना एकच विनंती. आपला मुलगा ट्रॅक्टर चालवत असेल, तर ही गोष्ट त्याला जरूर सांगा, आणि लहान मुलांना टँकरवर बसू देऊ नका. पुस्तकातला नियम परीक्षेत गुण देतो. रस्त्यावर तो जीव वाचवतो.